सौम्य मन आणि स्थिर चित्त

(धर्मग्रामाच्या सुवर्ण ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेत दिलेले व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामास आज पन्नास वर्षे पूर्ण झाली. ज्यांनी ह्या देवळाच्या पायाचे दगड वाहिले, त्यांपैकी काही वडील मंडळी आज ह्या मंडपात बसलेली आहेत. पुष्कळजण देवाघरी गेले आहेत. अशा दिवशी पन्नास ह्या आकड्याचा अर्थ ध्यानात घेणे उचित होईल. जुन्या करारातील लेवीय नामक पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात पन्नासाव्या वर्षास योबेल म्हटले आहे. त्या वर्षी शिंग फुंकावे, विकलेली जमीन मूळ कुळास परत मिळावी, दास झालेल्याने आपल्या घरी परत जावे, अशी आज्ञा तेथे आहे. तात्पर्य, ज्युबिली हे परत येण्याचे वर्ष होय. आज मला जे काही सांगावयाचे आहे, ते ह्या 'परत येणे' शब्दांतच साठविलेले आहे.

विषय आहे आपल्या नित्यनेमाचा. अशा उत्सवप्रसंगी आपण सर्वजण मोठमोठे संकल्प करितो. कोणी म्हणतो, आजपासून घरात रोज रोझरी होईल; कोणी म्हणतो, रोज एक तास अभ्यास करीन; कोणी व्यसन सोडण्याची शपथ वाहतो. पंधरा दिवस लोटतात. एके दिवशी नेम चुकतो, दुसऱ्या दिवशी मन खट्टू होते, आणि तिसऱ्या दिवशी 'आपल्याच्याने हे व्हावयाचे नाही' असे म्हणून मनुष्य तो नेम कायमचा सोडून देतो. असे का व्हावे? सर्वसाधारण उत्तर असे की, मन दुर्बल आहे, त्याला चाबूक पाहिजे. मीही पुष्कळ वर्षे हेच मानीत होतो, आणि त्याची किंमत दुसऱ्याने भरली, म्हणून ती हकीकत सांगणे मला प्राप्त आहे.

मी शिक्षकाचा पेशा पत्करला त्या आरंभीच्या काळची गोष्ट. माझ्या वर्गात एक मुलगा होता. पुस्तक समोर उघडे, पण डोळे खिडकीबाहेर. 'लक्ष कोठे आहे?' असे विचारून मी त्याच्या हातावर पट्टी मारीत असे. त्यामुळे त्याचे डोळे खिडकीवरून निघाले खरे. पण ते पुस्तकावर आले नाहीत, माझ्या पट्टीवर खिळले. मला वाटे, मुलगा सुधारला. पुढे एके सायंकाळी त्याचा बाप माझ्याकडे आला आणि म्हणाला, 'मास्तर, पोर झोपेत पाढे म्हणते आणि रडते.' त्या वर्षानंतर तो मुलगा शाळेत आला नाही. आज तो नातवंडांचा धनी आहे. वाटेत भेटला की हात जोडतो. मागे एकदा कचेरीतून आलेला कागद माझ्यापुढे धरून तो म्हणाला, 'मास्तर, एवढे वाचून दाखवा.' त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते.

त्यानंतर संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांचे लेखन माझ्या वाचनात आले. हे महात्मे १५६७ साली साव्हॉय राज्यात जन्मले. पॅरिस व पादुआ येथे त्यांचे शिक्षण झाले, १५९३ साली त्यांस गुरुदीक्षा मिळाली, व १६०२ साली ते जिनिव्हाचे बिशप झाले. ते नगर कॅल्विनच्या अनुयायांच्या ताब्यात असल्यामुळे त्यांचे वास्तव्य आन्सी ह्या गावी असे. तत्पूर्वी १५९४ पासून सुमारे चार वर्षे त्यांनी शाब्ले प्रांतात धर्मकार्य केले. लोक प्रवचनास येईनात, तेव्हा त्यांनी लहान लहान पत्रके लिहून ती घरोघर पोहोचविली. १६२२ साली ते निवर्तले. १६६५ साली त्यांस संतपद व १८७७ साली धर्मपंडिताचे पद देण्यात आले. आपल्या महाराष्ट्रासही ते परके नव्हेत. नागपूरचे कॅथीड्रल त्यांच्याच नावाने आहे.

१६०९ साली त्यांनी प्रापंचिक जनांकरिता भक्तिमय जीवनावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मठवासी नव्हे, तर घरदार, नोकरी व मुलेबाळे सांभाळणारे आपल्यासारखे लोक त्यांच्या डोळ्यांपुढे होते. त्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात एक संपूर्ण अध्याय स्वतःशी सौम्यतेने वागण्याविषयी आहे. त्यांच्या बोधाचे सार असे: आपल्या हातून दोष घडला म्हणजे आपण स्वतःवर चिडतो आणि त्यास पश्चात्ताप समजतो, परंतु त्या चिडण्यात बहुधा अहंकारच दडलेला असतो. आपल्यासारख्याने पडावे कसे, ह्याचे ते दुःख असते. खरा पश्चात्ताप शांत असतो, आणि शांत असतो म्हणूनच खोल असतो. पडलेल्या हृदयास ममतेने उठवावे व पुन्हा वाटेस लावावे. प्रार्थनेत चित्त भटकले तरी तोच उपाय.

हे वाचून मला वाटले, हे तर आपल्या वाडीतले शहाणपण! बागाईत करणाऱ्या मंडळींनी पाटाचे पाणी लहानपणापासून पाहिले आहे. केळीच्या आळ्याकडे जाणारे पाणी मध्येच पाट फोडून बाहेर पडते. तेव्हा माळी काय करितो? तो पाण्यावर फावडे मारीत नाही, कारण त्याने अंगावर चिखल मात्र उडेल. 'आता शिंपणेच नको' असे म्हणून तो घरीही जात नाही. तो दोन फावडी माती फुटलेल्या जागी टाकतो, आणि पाणी पुन्हा आळ्याकडे वळवितो. एका सकाळी हे दहा वेळा करावे लागले, तर दहा वेळा करितो. चित्ताची एकाग्रता म्हणजे दुसरे काय? चित्त मुळी भटकूच नये, ही देवदूतांची स्थिती. मनुष्याची एकाग्रता भटकलेल्या चित्तास परत वळविण्यात आहे. जो चिडून वळवितो तो लवकर थकतो. जो ममतेने वळवितो त्याला ते दहाव्या वेळीही साधते.

कोणी म्हणेल, 'मास्तर, ही तर आळशास सवलत झाली.' नाही, बंधूंनो. माळी रागावत नाही, पण तो पाटावर उभा असतो. सौम्यतेबरोबर जागरूकता नसेल तर ती सौम्यता नव्हे, ती निष्काळजी होय. ह्या जागरूकतेची रीत येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस ह्यांनी घालून दिली आहे. त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' ह्या ग्रंथास पोप तिसरे पौल ह्यांनी १५४८ साली मान्यता दिली. त्यात विशेष आत्मपरीक्षण म्हणून एक साधन सांगितले आहे. एका वेळी एकच दोष निवडावा. सकाळी उठताच त्याविषयी निश्चय करावा. दुपारी जेवणानंतर व रात्री जेवणानंतर मागचे तास आठवून पाहावे, आणि जितक्या वेळा चूक झाली तितके ठिपके त्या दिवसाच्या रेषेवर मांडावे. दुपारची रेषा रात्रीच्या रेषेशी, कालचा दिवस आजच्या दिवसाशी, हा आठवडा मागच्या आठवड्याशी ताडून पाहावा. ह्यात आरडाओरड नाही, आणि डोळेझाकही नाही. वाणी जसा शांतपणे रोजकीर्द लिहितो, तसे हे काम आहे.

आधुनिक शास्त्राचा एक दाखलाही येथे देतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी ९६ माणसांच्या सवयींचे निरीक्षण करून २०१० साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. नवी सवय अंगवळणी पडण्यास कोणास १८ दिवस, तर कोणास २५४ दिवस लागतील असे आढळले. मध्यम प्रमाण ६६ दिवसांचे होते. आणि आपल्या उपयोगाची गोष्ट ही की, मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या क्रमास म्हणण्यासारखी बाधा आली नाही. अर्थात् एक दिवस चुकल्याने नेम बुडत नाही. चुकलो म्हणून सोडून दिल्याने तो बुडतो.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. पहिली, ज्युबिलीचा संकल्प एकच करा, आणि तो लहान करा. रोझरीची पाच दशके जमत नसतील तर एका दशकाने आरंभ करा. दुसरी, तो नेम रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामास जोडा: सकाळच्या चहानंतर, अथवा रात्रीच्या जेवणानंतर. तिसरी, तेवढा वेळ मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. ज्या दारातून चोर येतो हे ठाऊक आहे, ते दार उघडे ठेवून चोराशी झुंजण्यात शौर्य नाही. चौथी, एक लहान वही करा व रात्री तीत एक खूण मांडा. नेम पाळला तर देवाचे आभार माना. चुकला तर क्षमा मागा, चूक का झाली ते एका ओळीत लिहा, आणि निजावयास जा.

आणि आईबापांस एक विनंती आहे. जो स्वतःच्या मनाला चाबकाने हाकतो, त्याच्या हातून तोच चाबूक मुलांच्या पाठीवर पडतो. मला पट्टी कोणी शिकविली होती? मी स्वतःच्या मनाशी जसा वागत होतो, तसाच त्या मुलाशी वागलो. मूल अभ्यासातून उठले तर त्याच्या शेजारी जाऊन बसा, पानावर बोट ठेवा, आणि 'बाळ, आपण येथे होतो' एवढेच म्हणा. उद्या पुन्हा म्हणावे लागेल, परवाही. मी हे त्या वेळी म्हणालो असतो, तर एक मनुष्य आज स्वतःचा कागद स्वतः वाचता.

बंधुभगिनींनो, योबेल पन्नास वर्षांतून एकदा येतो. परंतु परत येण्याची मुभा प्रभूने आपणांस रोज दिलेली आहे. उधळ्या पुत्राच्या बापाने दुरून मुलास पाहिले आणि तो धावत गेला. त्याने आधी हिशेब मागितला नाही. मात्र मुलास उठून वाट चालावी लागली, हेही विसरू नये. बापाची ती दया आणि मुलाचे ते चालणे, ही दोन्ही आपल्या घरांत एकत्र नांदोत, आणि आपल्या लहान लहान नेमांतून हा धर्मग्राम पुढील पन्नास वर्षे उभा राहो, अशी प्रभूच्या चरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो. आमेन.