सहीपूर्वीचे वाक्य



१९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने कारखान्याचे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत फलकावर लावण्याचे बंधन मालकावर घातले होते. नियम कळावेत हा कामगाराचा हक्क मानला गेला, हे योग्यच झाले. परंतु नियम वाचणे निराळे आणि चार्जशीटला उत्तर लिहिणे निराळे. ते इंग्रजीत लिहायला बसला की आमचा माणूस भारी शब्द शोधू लागतो. खरा धोका मात्र साध्या क्रियापदात असतो.

"माझ्या पाळीत मशीन बंद पडले." या वाक्यात दोष कोणावरच नाही. इंग्रजीत ते "द मशीन स्टॉप्ड ड्युरिंग माय शिफ्ट" असे होईल. घाबरलेला माणूस "आय स्टॉप्ड द मशीन" लिहून मोकळा होतो. म्हणजे मशीन मीच बंद केले! सांगायचा होता बिघाड, कागदावर आला कबुलीजबाब.

"पाच वाजता काम सोडले" म्हणजे आपल्या लेखी पाळी संपली. त्याचे "आय लेफ्ट द जॉब" केले की नोकरीच सोडल्यासारखे होते. तेथे "आय लेफ्ट द फॅक्टरी अ‍ॅट फाइव्ह" एवढे पुरे.

आता काळ पाहा. "आय वर्क्ड हिअर फॉर टेन इयर्स" असे लिहिले तर नोकरी संपलेली दिसते. चालू नोकरीसाठी "आय हॅव वर्क्ड" हवे. एवढ्याशा "हॅव"वर दहा वर्षांची चाकरी उभी असते.

यावर आमचा उपाय साधा आहे. कोणी, काय, केव्हा केले, ते आधी मराठीत लिहावे. एका वाक्यात एकच गोष्ट सांगावी. मग इंग्रजी करावे आणि जाणत्या माणसाकडून त्याचे पुन्हा मराठी करवून ऐकावे. अर्थ पालटला असेल तर तेथेच सापडतो. सही त्यानंतर करावी आणि एक नक्कल आपल्यापाशी ठेवावी. चौकशीत तोच कागद पुढे येतो.

या सभागृहात शिक्षक आहेत, वकील आहेत, कचेरीत जन्म घालवलेले कारकूनही आहेत. त्यांना आमची विनंती आहे की, महिन्यातून एक संध्याकाळ कामगारांना द्यावी. व्याकरणाचा वर्ग भरवायला नको. शेजारी बसून त्याचे उत्तर त्याला मराठीत वाचून दाखवावे, आणि एवढेच विचारावे: "बाबा रे, तुला हेच म्हणायचे आहे ना?"