पोलादाची गरज आणि कर्बाचे ओझे



पोलादाशिवाय कोणतेही राष्ट्र उभे राहत नाही. रेल्वेचे रूळ, धरणांचे दरवाजे, युद्धनौकांचे सांगाडे आणि सामान्य माणसाच्या घराचा स्लॅब, या सर्वांचा आधार पोलादच. १९०७ साली, जमशेदजी टाटा यांच्या निधनानंतर, त्यांच्या संकल्पित पोलाद कारखान्यासाठी लंडनच्या बाजारात भांडवल मिळेना, तेव्हा ते भारतीयांनी उभे केले. आज भारत चीनखालोखाल जगातील सर्वांत मोठा पोलाद उत्पादक आहे. २०१७ च्या राष्ट्रीय पोलाद धोरणाने २०३०-३१ पर्यंत ३० कोटी टन उत्पादनक्षमतेचे लक्ष्य ठेवले आहे. दरडोई पोलाद-वापर जागतिक सरासरीहून पुष्कळ कमी असलेल्या देशाला ही वाढ टाळता येणार नाही.

परंतु या वाढीबरोबर एक ओझेही येते. भारतात एक टन पोलाद तयार होताना सरासरी सुमारे अडीच टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जागतिक सरासरी दोन टनांच्या आसपास आहे. त्याचे कारण रसायनशास्त्रात आहे. खनिजातील लोह प्राणवायूशी जखडलेले असते. झोतभट्टीत कोळशापासून बनविलेला कोक हा बंध तोडतो आणि त्यातूनच कर्बवायू निर्माण होतो. म्हणजे येथे कोळसा केवळ इंधन नसून प्रक्रियेचा घटक आहे. म्हणूनच कारखान्याच्या छपरावर सौरपट्ट बसविल्याने हा प्रश्न सुटत नाही. शिवाय झोतभट्टीला लागणारा कोकयोग्य कोळसा भारताला मोठ्या प्रमाणावर आयात करावा लागतो. कर्बाचे ओझे हे परावलंबनाचेही ओझे आहे.

१ जानेवारी २०२६ पासून युरोपीय महासंघाने सीमेवरील कर्ब-शुल्काची व्यवस्था प्रत्यक्ष लागू केली. पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम यांसारख्या वस्तूंच्या आयातदारांवर उत्सर्जनाच्या प्रमाणात हा भार पडतो. दोन शतके कोळसा जाळून संपन्न झालेल्यांनी आता इतरांकडून त्याचा हिशेब मागावा, हा अन्यायच होय. भारताचे दरडोई उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. हा युक्तिवाद जागतिक व्यासपीठांवर ठामपणे मांडलाच पाहिजे. तथापि केवळ युक्तिवादाने बाजारपेठ टिकत नाही. मूळ देशात कर्बाची किंमत भरली असल्यास तेवढी वजावट देण्याची तरतूद त्या नियमातच आहे. २०२३ साली अधिसूचित झालेली भारताची कर्ब-पत व्यापार योजना म्हणूनच महत्त्वाची ठरते. जो पैसा परकीय तिजोरीत जाईल, तो देशातच राहून येथील भट्ट्या सुधारण्यास उपयोगी पडू शकेल.

मार्ग कोणते? पहिला भंगाराचा. विद्युत भट्टीत भंगार वितळविल्यास खनिजापासून पोलाद करण्याच्या तुलनेत उत्सर्जन अत्यल्प होते. वीज जितकी स्वच्छ, तितके ते आणखी घटते. आपल्या जालन्यातील पोलाद उद्योगही बव्हंशी भंगार आणि स्पंज लोह वितळवूनच उभा राहिला. परंतु वाढत्या देशाला पुरेल इतके भंगार आज उपलब्ध नाही. दुसरा मार्ग हायड्रोजनचा. स्वीडनमधील लुलेओ येथे २०२० मध्ये प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला आणि २०२१ मध्ये त्या पद्धतीचे पहिले पोलाद ग्राहकाच्या हाती पडले. तेथे कर्बवायूऐवजी वाफ बाहेर पडते. मात्र एक टन पोलादासाठी सुमारे ५० ते ६० किलो हायड्रोजन लागतो आणि तेवढा पाण्यापासून मिळविण्यास सुमारे ३,००० युनिट वीज खर्ची पडते. महिन्याला अडीचशे युनिट वापरणाऱ्या घराची ही वर्षभराची वीज! ती वीज स्वच्छ आणि स्वस्त नसेल, तर हा मार्ग व्यर्थ आहे. २०२३ साली मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाची खरी कसोटी येथेच आहे.

काळ थोडा आहे. आज उभारलेली झोतभट्टी काही दशके धगधगत राहते. भारताने २०७० चे शून्य निव्वळ उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले असले, तरी त्याचा निकाल या दशकातील भट्ट्याच लावणार आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये पोलाद मंत्रालयाने हरित पोलादाची व्याख्या केली. टनामागे २.२ टनांहून कमी उत्सर्जन असलेल्या पोलादास तारांकन देण्याची ती पद्धत आहे. या तारांकनाला अर्थ ग्राहकामुळेच येईल. शासकीय पूल असो वा गृहनिर्माण संस्थेची इमारत, सळई विकत घेताना भावाबरोबर ताऱ्यांचीही चौकशी झाली, तर कारखानदारास बदलावेच लागेल. १९०७ साली समाजाने भांडवल दिले. आज त्याच समाजाने आग्रह धरावयाचा आहे.