कंत्राटदार कोण आणि नोकर कोण?



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावर इतिहास, साहित्य आणि अध्यात्म यांवर अधिकारवाणीने बोलणारी मंडळी येतात. आमच्यासारख्या युनियनच्या माणसाला गोदाकाठी उभे करून आयकरासारखा रुक्ष विषय द्यावा, हे संयोजकांचे धाडसच म्हटले पाहिजे. आमचे शाळेतले शिक्षण लवकर आटोपले. पुढचे सारे शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर. कायद्याची पुस्तके आम्ही वाचली ती गरज पडली म्हणून, आणि तीही बहुधा रात्री. तेव्हा भाषेत काही खडबडीत आढळले तर श्रोत्यांनी सांभाळून घ्यावे.

विषय दिसायला सोपा आहे. एक मनुष्य दुसऱ्याचे काम करतो आणि त्याचे पैसे घेतो. तो त्याचा नोकर, की स्वतंत्र कंत्राटदार? तुम्ही म्हणाल, करारात काय लिहिले आहे ते पाहा म्हणजे झाले. सगळी गोम तिथेच आहे. करार लिहितो कोण? ज्याच्या हाती काम देणे असते तो. सही करतो कोण? ज्याला उद्या घरात पीठ आणायचे असते तो. अशा कागदावर ‘आमच्यात मालक-नोकर असे नाते नाही’ हे वाक्य घालायला शाईशिवाय दुसरा खर्च येत नाही.

मध्यंतरी अंबडकडच्या एका कारखान्यातला फिटर आमच्याकडे आला. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण असे कारखाने एक-दोन नाहीत. हा गृहस्थ आठ वर्षे त्याच यंत्रांवर, त्याच पाळीत आणि त्याच सुपरवायझरच्या हाताखाली काम करीत आलेला. एके दिवशी त्याला सांगण्यात आले, की पहिल्या तारखेपासून तू कामगार नाहीस, तू ‘सर्व्हिसेस’ आहेस. दर महिन्याला बिल दे, आम्ही एक टक्का कर कापून उरलेले पैसे खात्यात टाकू. गंमत अशी, की तो तक्रार घेऊन आलेला नव्हता. हातात जास्त पैसे पडू लागले म्हणून खुशीत होता. त्याला एवढेच विचारायचे होते, की कापलेला एक टक्का परत कसा मिळवायचा?

त्याचा हिशेब आम्ही पाठकोऱ्या कागदावर मांडला, तो इथेही मांडतो. महिना पगार २५,००० रुपये, त्यातले मूळ वेतन १५,००० धरू. भविष्य निर्वाह निधीसाठी २०१४ साली ठरलेली वेतनमर्यादाही तेवढीच आहे. नोकर असताना बारा टक्क्यांनी त्याचे १,८०० रुपये कापले जात, आणि मालकाला पदरचे तितकेच घालावे लागत. कंत्राटदार झाल्यावर १,८०० ऐवजी २५० कापले जाऊ लागले. हातात दीड हजार वाढले हे खरे. परंतु मालकाचे १,८०० वाचले ते कोणाच्या खिशातून? दहा वर्षांत ही रक्कम व्याज सोडून २,१६,००० रुपये होते. ग्रॅच्युइटी दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी, महिन्याचे दिवस सव्वीस धरून; म्हणजे दहा वर्षांचे सुमारे ८६,५०० रुपये. दोन्ही मिळून तीन लाखांच्या वर गेले. रजा, बोनस आणि अपघाताची भरपाई यांचा हिशेब आम्ही केलाच नाही. तोपर्यंत त्या माणसाचा चेहरा उतरला होता.

आता यात आयकराचा संबंध कोठे येतो? पगारावरचा कर १९६१ च्या आयकर कायद्यात कलम १९२ खाली कापला जाई, कंत्राटाच्या पैशांवरचा कलम १९४ सी खाली, आणि डॉक्टर-सल्लागारांच्या फीवरचा १९४ जे खाली. २०२५ साली संसदेने नवा आयकर कायदा केला. त्यात कलमांचे आकडे बदलले, भेद मात्र कायम राहिला. पगार वेगळा, कंत्राट वेगळे. वस्तू व सेवा कराचेही तसेच आहे. नोकराने नोकरीच्या ओघात मालकाला दिलेली सेवा त्या कराच्या बाहेर आहे. स्वतंत्र सल्लागाराची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर गेली की तो करात येतो. म्हणजे ‘तू कोण?’ हा प्रश्न कामगार खात्याला जसा पडतो, तसाच कर खात्यालाही पडतो.

पडतो खरा, पण सगळ्यांच्या बाबतीत नाही. पुण्याचे रुबी हॉल क्लिनिक चालवणारी ग्रँट मेडिकल फाउंडेशन ही संस्था आहे. तिथल्या सल्लागार डॉक्टरांना दिलेले पैसे ही फी नसून पगार आहे, आणि कर पगाराप्रमाणे कापायला हवा होता, असे आयकर खात्याने म्हटले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१५ साली निकाल लागला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे, की ठराविक वेळ आणि ठराविक रक्कम एवढ्यावरून डॉक्टर नोकर ठरत नाही. करार सगळा वाचावा आणि प्रत्यक्ष व्यवहार पाहावा. त्याही आधी, १९७२ साली, सर्वोच्च न्यायालयापुढे रामप्रसाद नावाच्या खटल्यात एका हॉटेल कंपनीचा व्यवस्थापकीय संचालक आला होता. त्याला पगाराखेरीज नफ्यावर दहा टक्के कमिशन होते आणि ते त्याने सोडून दिले होते. न्यायालयाने करार तपासला, तो कंपनीचाच नोकर ठरवला, आणि सोडलेल्या कमिशनवरही पगार म्हणून कर लावणे योग्य ठरवले. संचालकाची खुर्ची असली तरी मनुष्य नोकर असू शकतो, हे त्या खटल्याने सांगितले.

या खटल्यांत सरकारने एवढे श्रम का घेतले? कर मिळायचा होता म्हणून. इंग्लंडमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर चालले आहे. एकट्या माणसाने स्वतःची कंपनी काढून तिच्यामार्फत एकाच गिऱ्हाइकाकडे वर्षानुवर्षे काम करायचे आणि नोकराचा कर चुकवायचा, ही युक्ती मोडण्यासाठी तिथे एप्रिल २००० पासून खास नियम आले. लंडनमध्ये संगणकाचे काम करणाऱ्या कित्येक मराठी मुलांना ते तोंडपाठ असतात. २०२१ पासून तर खाजगी क्षेत्रातल्या मध्यम आणि मोठ्या कंपन्यांवर, हा मनुष्य खरोखर स्वतंत्र आहे की झाकलेला नोकर आहे, हे ठरवण्याची जबाबदारीच टाकली आहे.

आमच्या फिटरकडे मात्र कर खाते ढुंकूनही पाहणार नाही. वर्षाला तीन लाख मिळवणारा मनुष्य. पगार म्हणा, कंत्राट म्हणा, त्याचा कर शून्यच. सरकारचा पैसा बुडत नाही, तेव्हा सरकार विचारीत नाही. बुडतो तो त्याचा स्वतःचा पैसा. आणि पुढे कधी तो कामगार न्यायालयात गेला, तर मालकाचा वकील पहिला कागद कोणता पुढे करील? आयकराचा! ‘पाहा साहेब, हा स्वतःच धंद्याचे उत्पन्न म्हणून विवरणपत्र भरतो, याचा कर कंत्राटदाराच्या कलमाखाली कापला जातो.’ कर खात्याने न तपासलेला शिक्का अशा रीतीने पुरावा होऊन बसतो. आमचे म्हणणे असे, की हा पुरावा फार हलका समजला पाहिजे. ज्या हाताने करार लिहिला त्याच हाताने कलमही निवडलेले असते.

मग खरी परीक्षा कोणती? तिच्यासाठी आपल्याला लांब जायला नको. सिन्नरच्या विड्या सर्वांना ठाऊक आहेत. विडीच्या धंद्याइतका या प्रश्नाचा कीस दुसऱ्या कोणत्याही धंद्याने पाडला नसेल. ‘शंकर बालाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा खटला १९६२ च्या निकालसंग्रहात छापलेला आहे. नाव ऐकून सिन्नरकडची मंडळी कान टवकारतील. विडी कारखान्यातल्या एका कामगाराच्या न घेतलेल्या रजेच्या पगाराचा प्रश्न होता. अवघी काही दिवसांची रजा; पण ती द्यायची तर तो कारखाने कायद्याप्रमाणे कामगार ठरायला हवा. सर्वोच्च न्यायालयात बहुमताने तो कामगार नाही असे ठरले. कारणे अशी, की कामावर यायची-जायची वेळ त्याच्यावर बांधलेली नव्हती, त्याला वाटेल तेव्हा तो येई आणि उठून जाई, विडी वळताना कोणी देखरेख करीत नसे, आणि मजुरी मालावर मिळे. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी मात्र भिन्नमत दिले.

आम्ही कायद्याचे पंडित नाही, पण त्या भिन्नमताच्या बाजूचे आहोत. का ते सांगतो. विडी वळणाऱ्या बाईच्या डोक्यावर कोणी उभे राहत नाही, हे खरे. उभे राहण्याची गरजच काय? पान मालकाचे, तंबाखू मालकाची, आणि संध्याकाळी कट्टे मोजून घेणारा मालकाचा मनुष्य. तो विड्या चाळतो आणि नापसंत पडतील त्या ‘छाट’ म्हणून बाजूला टाकतो. त्यांची मजुरी मिळत नाही. ज्याने एकदा छाटीचा मार खाल्ला, तो दुसऱ्या दिवशी मालकाच्या मर्जीप्रमाणेच बोटे चालवतो. देखरेख दिवसभर दिसत नाही. ती संध्याकाळी मोजणीच्या वेळी दिसते.

हा विचार न्यायालयांनाही हळूहळू पटत गेला. नागपूरच्या विडी कामगारांना बिर्धीचंद शर्मा खटल्यात १९६१ सालीच कामगार मानले गेले होते. १९६४ साली मद्रासकडच्या दिवाण मोहिदीन खटल्यात मधला ‘कंत्राटदार’ हा मालकाचा हस्तक ठरला आणि घरी विड्या वळणारे लोक मालकाचेच कामगार ठरले. १९६६ साली संसदेने विडी व सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा केला, त्यात घरखाती काम करणाऱ्या बायकाही आल्या, आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. १९८५ साली पी. एम. पटेल खटल्यात घरी विड्या वळणाऱ्यांना भविष्य निर्वाह निधीही लागू झाला. माल नाकारण्याचा अधिकार म्हणजेच नियंत्रण, हे तिथे स्पष्टपणे मानले गेले. चार दिवसांच्या रजेवरून निघालेली वाट निवृत्तिवेतनापर्यंत पोचायला इतकी वर्षे लागली.

आंध्रातल्या एका शिवणदुकानाचा १९७३ चा निकालही आम्हाला फार आवडतो. शिंपी नगावर मजुरी घेत, येण्या-जाण्याची सक्ती नव्हती. पण यंत्रे दुकानाची, बसणे दुकानात, आणि शिवण बिघडली तर मालक उसवून पुन्हा शिवायला लावी. ते नोकर ठरले. याउलट तुमच्या घरी नळ दुरुस्त करणारा येतो तो पाहा. त्याची हत्यारे त्याची, वेळ त्याची, भाव त्याचा. स्वतः आला नाही तर पोराला पाठवतो, आणि संध्याकाळपर्यंत चार घरे करतो. काम बिघडले तर नुकसानही त्याचे, चांगले झाले तर नफाही त्याचा. तो कंत्राटदार आहे आणि त्याला कोणी नोकर म्हटले तर तो रागावेल. आमच्या फिटरने आपल्या जागी भावाला पाठवून पाहावे! फाटकावरचा पहारेकरीच त्याला कराराचा अर्थ समजावील.

एक कसोटी लावून निकाल होत नाही, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर आमच्यावर एकांगीपणाचा आरोप येईल. सगळी माणसे झाकलेले नोकर नसतात, आणि नोकर ठरण्यात सर्वांचे हित असते असेही नाही. २०२० च्या एका निकालात नवसारीच्या नेत्ररुग्णालयातले शल्यचिकित्सक संस्थेच्या गाडीच्या अपघातात गेले. ते नोकर होते, म्हणून विम्याची जबाबदारी मर्यादित आहे, असे विमा कंपनी म्हणत होती. त्यांची पत्नी म्हणत होती की ते स्वतंत्र व्यावसायिक होते. सर्वोच्च न्यायालयाने सर्व बाजू तोलून पत्नीच्या बाजूने निकाल दिला. सोयीप्रमाणे माणसाला नोकर आणि बिननोकर ठरवण्याची हौस कोणाकोणाला असते, ते यावरून कळावे.

आज कॉलेज रोडवर आणि गंगापूर रोडवर पाठीला चौकोनी पेट्या लावून धावणारी पोरे पाहिली, की आम्हाला विडीचा धंदा आठवतो. वेळेची सक्ती नाही, डोक्यावर मुकादम नाही. मात्र गिऱ्हाइकाने दिलेले तारे कमी पडले की काम येणे थांबते. ही नव्या तऱ्हेची छाटच झाली. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० सालची, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तीत या मुलांची दखल घेतली आहे, पण ‘पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेरचे’ अशी. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या कल्याणासाठी द्यावी, मात्र ती त्यांना दिलेल्या मोबदल्याच्या पाच टक्क्यांहून जास्त नसावी, अशी तरतूद आहे. काहीच नव्हते तिथे काहीतरी झाले, याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु ते नोकर आहेत का, हा प्रश्न सोडवण्याऐवजी ओलांडून जाणे आम्हाला मान्य नाही.

शेवटी, ज्यांच्या घरात असा एखादा ‘सर्व्हिसेस’ झालेला मुलगा किंवा सून असेल, त्यांच्यासाठी दोन शब्द. फाटकाचा पास, पाळीचे वेळापत्रक, सुपरवायझरचे फोनवर आलेले हुकूम, रजेसाठी केलेला अर्ज, कंपनीने दिलेला गणवेश आणि ओळखपत्र यांतले काहीही फेकू नका. करार होण्यापूर्वीच्या पगारपत्रिका तर मुळीच नाही. आयकराचे विवरणपत्र भरताना रक्कम कोणत्या सदरात दाखवली जाते ते भरणाऱ्याला विचारा, आणि वार्षिक करपत्रकावर कोणते कलम पडले आहे ते स्वतः वाचा. कराराची प्रत मागा. देत नसतील तर मागितल्याचा कागद ठेवा. सही करण्यापूर्वी एक दिवसाची मुदत मागायला हरकत नसते, आणि तेवढ्या वेळात कोणा जाणत्याला ती प्रत दाखवता येते. आता अध्यक्षांनी घंटेकडे हात नेलेला दिसतो. श्रोत्यांचे प्रश्न असतील तर आम्ही पायरीवर थांबलो आहोत.