ग्रीक ईस्टरचा वेणीचा पाव

ईस्टरपूर्वीच्या गुरुवारीं ग्रीस देशांत घराघरांतून जो सुगंध दरवळूं लागतो, तो महाराष्ट्रांतील माणसाला अगदींच परका वाटूं नये. दिवाळीच्या उटण्यांत ‘गव्हला’ म्हणून जे लहान बदामी दाणे कुटून घालतात, ते महालेब नांवाच्या रानटी चेरीच्या बियांतील मगज होत. आणि काष्ठौषधींच्या दुकानांत ‘रुमी मस्तकी’ या नांवानें जी राळ ठाऊक आहे, तिचें माहेर एजियन समुद्रांतील खिओस बेट. महाराष्ट्रानें हे जिन्नस अंगाला लावण्याच्या व औषधाच्या कामीं योजिले. ग्रीकांनीं ते पावांत घातले. हा पाव म्हणजे ‘त्सुरेकी’. तो गोड असतो, तीन पेडांच्या वेणीसारखा गुंफलेला असतो आणि त्याच्या एका टोकाशीं बहुधा लाल रंगविलेलें अंडें बसविलेलें असतें.

त्याची थोरवी समजण्यास आधींचा उपवास समजला पाहिजे. ऑर्थोडॉक्स पंथाचे जे ख्रिस्ती लोक व्रत कसोशीनें पाळतात, ते ईस्टरपूर्वीं सुमारें सात आठवडे मांस, अंडीं, दूध, लोणी यांना शिवत नाहींत. त्सुरेकीच्या पिठांत काय पडतें, तें आतां पाहा: एक किलो मैद्याला चार-पांच अंडीं, पाव किलो किंवा त्याहून थोडी अधिक साखर, दीड-दोनशें ग्रॅम लोणी आणि पाव लिटर दूध. म्हणजे मांस वगळतां जें जें सोडलें, तें तें या एका पावांत एकत्र येतें. आणि तो भाजावयाचा मात्र उपवास सुटण्याच्या दोन दिवस आधीं! मळणाऱ्या बाईला पिठाचें बोट चाटतां येत नाहीं, कीं भट्टींतून निघालेल्या पावाचा कोपरा मोडून पाहतां येत नाहीं. नैवेद्य दाखविण्यापूर्वीं पदार्थ न चाखणाऱ्या महाराष्ट्रीय गृहिणीला ही पंचाईत समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

मग भिस्त राहते ती हातावर, डोळ्यावर आणि नाकावर. मस्तकी तशीच खलांत घातली तर ती चिकटून बसते. म्हणून ती आधीं थंड करतात आणि चिमूटभर साखरेबरोबर कुटतात. महालेबही आयत्या वेळींच कुटलेला बरा. त्याचें प्रमाण किलोभर पिठाला चहाचा एखादा चमचा. हात सैल सुटला तर पाव कडू होतो, आणि तें कळावयाचें दोन दिवसांनीं! कित्येकजणी संत्र्याची साल किसून घालतात.

खरी परीक्षा खमिराची. साखर पिठांतील पाणी ओढून घेते आणि स्निग्धांश पिठाचा चिवटपणा मंदावतो. त्यामुळें साध्या पावाचें पीठ तासाभरांत फुगत असेल, तर त्सुरेकीचें दोन-दोन, तीन-तीन तास घेतें. दूध कोमटच हवें. कढत दुधानें खमीर मरतें. लोणी वितळवून, निववून, अगदीं शेवटीं थोडें थोडें पिठांत जिरवितात आणि ताणल्यास पातळ पडदा धरूं लागेपर्यंत पीठ मळतात. या मळण्यांत कुचराई झाली तर पुढें कोणतीच युक्ति उपयोगीं पडत नाहीं. फुगणारें पीठ वाऱ्याच्या झुळकेपासून जपावें लागतें. गोधडींत गुंडाळलेलें पातेलें आणि दार उघडें टाकणाऱ्या मुलांवरील दटावणी हीं दोन्हीं त्या दिवशींचीं नित्याचीं दृश्यें.

नंतर वेणी. तीन पेडांत भाविकांना पवित्र त्रयीची खूण दिसते. परंतु मुलीची वेणी घट्ट घालण्याचा नियम येथें लावूं नये. पेड सैल ठेवले नाहींत तर दुसऱ्या फुगण्याच्या वेळीं ते एकमेकांना ओढून फाटतात. अंडें त्याच गुरुवारीं रंगविलेलें असतें. त्याचा लाल रंग ख्रिस्ताच्या रक्ताचें चिन्ह मानतात, आणि पूर्वीं तो कांद्याच्या सालींपासूनही काढीत. भाजून झाल्यावर चांगल्या पावाचा तुकडा मोडला असतां तो चुरा होऊन पडत नाहीं, तंतूतंतूंनीं सुटतो.

‘त्सुरेकी’ हें नांव तुर्की ‘चोरेक’ या शब्दावरून आलेलें आहे. ईस्टरच्या पावाचें जुनें ग्रीक नांव ‘लांब्रोप्सोमो’, म्हणजे तेजाचा पाव. आज जो मस्तकी-महालेबचा प्रकार नामांकित आहे, त्याला ‘पोलितिको’ म्हणतात. ‘पोली’ म्हणजे नगरी, आणि ग्रीकांच्या तोंडीं नगरी एकच, कॉन्स्टँटिनोपल. १९२२ चा पराभव व १९२३ चा लोसान येथील करार यांमुळें आशिया मायनरमधून बारा लाखांच्या आसपास ख्रिस्ती लोक घरदार सोडून ग्रीसमध्यें आले. त्यांनीं बरोबर आणलेल्या सामानांत जिभेची चवही होती. कॉन्स्टँटिनोपलच्या ग्रीकांना त्या करारानें राहूं दिलें होतें. परंतु १९५५ ची दंगल आणि १९६४ मधील हद्दपारी यांनंतर एक लाखाच्या घरांत असलेली त्यांची वस्ती कांहीं हजारांवर आली. नवल असें कीं, त्याच इस्तंबूलच्या मिठाईच्या दुकानांत हा पाव ‘पास्काल्या चोरेई’, म्हणजे ईस्टरचा पाव, म्हणून बाराही महिने विकला जातो. घेणारे बहुतेक मुसलमान. माणसें गेलीं, पाव राहिला. याला समाधान म्हणावें कीं खेद, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

मस्तकीची कथाही अशीच हट्टी आहे. हीं झाडें भूमध्यसमुद्राच्या कांठीं अन्यत्रही वाढतात, परंतु राळेसाठीं नांव झालें तें खिओसच्या दक्षिण भागांतील गांवांचें. तेथें उन्हाळ्यांत बुंध्याखालील जमीन साफ करून तिच्यावर पांढरी माती पसरतात, सालीला बारीक चिरा देतात, आणि ओघळून घट्ट झालेले थेंब एकेक वेंचतात. या थेंबांना तिकडे ‘अश्रु’ म्हणतात. १९३८ मध्यें उत्पादकांनीं आपला संघ स्थापिला. २०१४ मध्यें युनेस्कोनें ही लागवडीची विद्या मानवजातीच्या वारशाच्या यादींत घातली.

शनिवारीं मध्यरात्रीं चर्चमधील दिवे मालवतात. अंधारांतून एक ज्योत येते, ती मेणबत्तीवरून मेणबत्तीवर जाते, आणि ख्रिस्त उठल्याचा घोष होतो. माणसें ती ज्योत सांभाळीत घरीं परततात व तिच्या काजळीनें दाराच्या चौकटीवर क्रूस काढतात. मग लाल अंडीं एकमेकांवर आपटून कोणाचें टिकतें तें पाहावयाचें, सूप घ्यावयाचें, आणि पावाला हात घालावयाचा. भाजणारी बाई या क्षणीं स्वतः खात नाहीं; दुसऱ्यांच्या हातांत तुकडा कसा मोडतो, इकडे तिचें लक्ष असतें. त्यांतला एखादा पाव मात्र तिनें आधींच बाजूस काढलेला असतो, धर्मपुत्रासाठीं. धर्मपित्याकडून मेणबत्ती व नवे जोडे यांबरोबर पाव जाण्याची तिकडे रीत आहे.

मंगळवार-बुधवारपर्यंत उरलेली वेणी कडक होते. तिचे काप भाजून दुधाबरोबर किंवा कॉफीबरोबर खातात. लाल अंडें तोंपर्यंत बहुधा कोणीतरी पळविलेलें असतें.