कोंबडी कुणी मारली?

कोंबड्या कशा पाळाव्यात, काय खाऊ घालावं, हे आपण या कार्यक्रमात पुष्कळदा ऐकलंय. आज बोलायचंय ते मेलेल्या कोंबडीबद्दल.

विषय छोटा वाटेल, पण आपल्याला माहीत आहे की कोंबडीचा पैसा हा बाईच्या हातातला पैसा. अंडी विकून गटाचा हप्ता निघतो, वह्या-पेन येतात. म्हणून परसात पिसं पसरलेली दिसली की जीव चरकतो आणि तोंडात पहिलं नाव येतं ते शेजारणीच्या कुत्र्याचं, नाहीतर मुंगसाचं. कुत्र्याचं नाव घेतलं की गटाच्या बैठकीत दोघी एकमेकींकडे पाठ करून बसतात. मुंगसाचं घेतलं की कुणीतरी पिठात औषध कालवतं. म्हणून आमचं म्हणणं, नाव घ्यायच्या आधी पाहावं.

मेलेली कोंबडी लगेच उकिरड्यावर टाकू नका. हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळा आणि आधी पिसं बघा. शिक्रा किंवा ससाणा चोचीनं पीस उपटतो. त्यामुळे देठ अख्खा राहतो आणि पिसं एकाच जागी गोल पसरलेली असतात. छातीचं मांस आधी संपतं, हाडं साफ दिसतात. हे काम दिवसाउजेडी, मोकळ्या जागी होतं. दात असलेलं जनावर पिसं चावून तोडतं. मग देठ मोडलेले, कुरतडलेले, आणि पिसांचे झुबके लाळेनं चिकटलेले मिळतात. एवढ्यावरच निम्मा प्रश्न सुटतो.

आता जखम बघा. मुंगूस दिवसा हिंडतं, ते डोक्याला नाहीतर मानेला धरतं. अंडीही फोडून खातं. रात्री नुसतं डोकं-मान गेली असेल तर घुबडाचाही विचार करा. उदमांजरही रात्रीचंच, खुराड्यात शिरलं तर एकावर थांबेलच असं नाही. रानमांजर आणि कोल्हा कोंबडी उचलून नेतात. मागे बांधाकडे, झाडोऱ्याकडे जाणारी पिसांची वाट तेवढी राहते. साप काहीच मागे ठेवत नाही. पिल्लं मोजून ठेवली नसतील तर गेलेलंही कळत नाही. कधी पिल्लू मोठं निघालं आणि गिळता आलं नाही तर ते टाकून जातो, तेव्हा त्याचं डोकं-मान ओली चिकट असते. लहान पिल्लांचे पाय कुरतडलेले असतील तर घूस आणि उंदीर. कुत्र्याची रीत वेगळी. त्याला बऱ्याचदा भूक नसते, खेळ असतो. पाचसहा कोंबड्या मारतो, पाठ-मांड्या चेंगाळतो आणि न खाता तिथंच टाकतो.

तरीही कुत्र्याच्या तोंडात कोंबडी दिसली म्हणजे त्यानंच मारली असं नाही. आपल्याकडच्या एका वाडीत यावरूनच तंटा झाला होता. कुत्रं कोंबडी ओढताना सगळ्यांनी पाहिलेलं. एका आजींनी ती कोंबडी सोलायला लावली. दातांच्या खुणांखाली काळंनिळं काही नव्हतं, रक्त साकळलेलं नव्हतं. जिवंतपणी चावा बसला तर कातडीखाली रक्त साकळतं. मेल्यावर बसला तर भोकं पडतात, पण साकळत नाही. कोंबडी आधीच मेलेली होती. खुराड्यातल्या आणखी दोघी मान वाकडी करून, हिरवट हगत बसल्या होत्या. म्हणजे मानमोडी, डॉक्टर जिला राणीखेत म्हणतात. ज्यांच्या कोंबड्या त्यांनी पिल्लांना पहिल्या आठवड्यातला लासोटाचा थेंब दिलाच नव्हता. भांडण मिटलं, पण बोलणं सुरू व्हायला दिवाळी उजाडली.

म्हणून जखम नसताना एकापाठोपाठ एक कोंबड्या मेल्या तर शिकारी शोधत बसू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. असे पक्षी सोलू नका, खाऊ नका, विकू तर मुळीच नका. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ साली आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला होता. कोंबड्या पुरताना चुना टाकून खोल पुरा.

खुणा पुसल्या गेल्या असतील तर संध्याकाळी खुराड्याभोवती चुलीची राख चाळून पसरा. चोर बहुतेक वेळा परत येतो. पावसाळ्यात राखेची गरज नाही, वेल्ह्याच्या पावसात चिखलच ठसे धरतो. कुत्र्या-कोल्ह्याच्या ठशात नखं उमटतात, मांजराच्या जातीची उमटत नाहीत. नखं नसलेला गोल ठसा दिसला तर त्यावर बांगडी ठेवून बघा. आत मावला तर मांजर किंवा रानमांजर. बांगडीबाहेर गेला तर बिबट्या असू शकतो. मग तिथं एकटीनं वाकून बसू नका, पोरांना आत घ्या आणि वनविभागाला १९२६ वर फोन लावा.

चोर कळला की उपायही कळतो. शिक्रा असेल तर पिल्लं डालग्याखाली किंवा जुन्या साडीच्या आडोशाला ठेवा. मुंगूस, साप, घूस यांना साधी कोंबडीजाळी अडवत नाही. अर्धा इंची वेल्डेड जाळी लागते, आणि ती हातभर जमिनीत पुरावी नाहीतर खाली फरशी घालावी. जाळी महाग आहे, खरं. गटातल्या चारपाच जणींनी मिळून गुंडाळी आणली तर परवडते. कुत्र्यासाठी मात्र जाळीपेक्षा दाराची कडी महत्त्वाची.

औषध घालू नका. मुंगूस आणि घोरपड यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षण आहे, मारलं तर गुन्हा होतो. शिवाय कालवलेलं पीठ कोण खाईल ते आपल्या हातात नसतं. शेजारचं मांजर खाईल, आपलीच कोंबडी टिपेल, अंगणात रांगणारं लेकरू बोट घालेल. भाताच्या कणगीतले उंदीर खाणारं घुबडही त्यात जातं, आणि मग उंदरांचं पीक येतं.

तुमच्या परसात ठसा सापडला तर चुलीतल्या कोळशानं कागदावर त्याच्याच मापाचा काढून ठेवा आणि गटाच्या पुढच्या बैठकीला घेऊन या.