स्टुडिओतला भोंगा



१९७१ च्या डिसेंबरात, भारत-पाक युद्धाच्या दिवसांत, आमच्या दादरच्या चाळीत खिडक्यांना काळे कागद डकवले होते. हवाई हल्ल्याचा भोंगा झाला की दिवे मालवायचे. आजी जपाची माळ घेऊन दाराशी बसायची, गॅलरीतली भांडणंसुद्धा थांबायची. मग दुसरा, एकसुरी भोंगा झाला की पुन्हा दिवे. या दोन आवाजांचा अर्थ आम्हा पोरांनाही कुणी समजावून सांगावा लागला नाही.

२०२५ च्या मे महिन्यात, भारत-पाक संघर्षाच्या वेळी, तोच भोंगा वृत्तवाहिन्यांनी बातम्यांच्या पाठीमागे लावला. पडदा लालभडक, निवेदक घसा फोडतोय आणि जोडीला भोंगा, वरातीत बँड लावावा तसा! ८ मेच्या रात्री तर काही वाहिन्यांनी कराची बंदर बेचिराख करून टाकलं. सकाळी बंदर जागच्या जागी होतं. खोटी बातमी निदान मागे तरी घेता येते. कानाला पडलेली सवय कशी मागे घेणार? शेवटी १० मे रोजी केंद्राच्या नागरी संरक्षण महासंचालनालयानं वाहिन्यांना बजावलं, की लोकशिक्षणाखेरीज हा आवाज वापरू नका. खरा हल्ला झाला तर लोकांना तो टीव्हीवरचा नेहमीचा गोंगाट वाटेल.

वाहिन्यांचा थराराचा हव्यास जुनाच. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून दोरानं उतरणारे कमांडो आपण थेट पाहिले. मीही पाहिले, पुढ्यातला चहा निवला तरी उठलो नाही. त्या तीन दिवसांत हल्ल्याचे सूत्रधारही पाकिस्तानात टीव्हीसमोर बसून फोनवरून आतल्यांना सूचना देत होते. त्यातला हल्लेखोर कसाब याच्या खटल्यात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं साधी गोष्ट सांगितली: हीच दृश्यं कारवाई संपल्यावर दाखवता आली असती, पण मग तो थरार नसता आणि टीआरपीही चढला नसता. २०१५ मध्ये अशा थेट प्रक्षेपणाला नियमानं बंदी आली. चित्र अडवलं गेलं, आवाज मोकळाच राहिला.

२०२५ च्या त्याच मे महिन्यात, ७ तारखेला, मुंबईत नागरी संरक्षणाचा सराव झाला. भोंगा आमच्या घरापर्यंत आला आणि त्रेपन्न वर्षांनी माझा हात आपोआप दिव्याच्या बटणाकडे गेला. स्वयंपाकघरातून सूनबाई ओरडली, "बाबा, टीव्हीचा आवाज जरा कमी करा ना!"

टीव्ही बंद होता.