एका खेळाचें मासिक कीं अनेक खेळांचें?

ज्या प्रश्नाविषयीं आज मी बोलणार आहें, तो वरवर पाहतां लहान, किंबहुना पोरकट वाटेल. टेबलाभोंवतीं बसून खेळावयाच्या भूमिका-खेळांना वाहिलेल्या मासिकानें एकाच खेळाची सेवा करावी, कीं अनेक खेळांना आपल्या पानांत जागा द्यावी, असा तो प्रश्न आहे. परंतु इंग्लंड-अमेरिकेंत या प्रश्नापायीं कांहीं मासिकांचें रूप पालटलें, त्यांच्या वाचकांची ताटातूट झाली, आणि ज्या मंडळींना एकमेकांशीं बोलावयास दुसरी जागा नव्हती त्यांची तीहि जागा गेली. म्हणून त्याचा विचार गंभीरपणें करणें योग्य होईल.

प्रथम हा खेळ म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. चार-सहा जण टेबलाभोंवतीं बसतात. त्यांतला एक सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकीं एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो: समोर पडका किल्ला आहे, दरवाजा आंतून बंद आहे, आंत कोणी तरी कण्हत आहे. इतरांनीं आपलें पात्र आतां काय करील तें सांगावयाचें, आणि तें साधलें कीं फसलें हें फांसे टाकून, नियमांच्या पुस्तकाप्रमाणें ठरवावयाचें. नाटकाप्रमाणें येथें भूमिका असते. पण संहिता आधीं लिहिलेली नसते आणि प्रेक्षकहि नसतो. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्यें अमेरिकेंत प्रसिद्ध झाला आणि या प्रकाराचा पाया पडला. पुढें १९७७ मध्यें अंतराळप्रवासाचा 'ट्रॅव्हलर', १९७८ मध्यें 'रूनक्वेस्ट' आणि १९८१ मध्यें भयकथांवर आधारलेला 'कॉल ऑफ कथुलू' असे नवे खेळ निघाले. बिचाऱ्या सूत्रधाराला दर बैठकीस नवा प्रसंग हवा असतो. तो पुरविण्यासाठीं मासिकें निघालीं, आणि खेळ अनेक झाल्याबरोबर आपला प्रश्नहि जन्मास आला.

एका खेळाच्या बाजूनें बोलणाऱ्यांचें म्हणणें मुळींच टाकाऊ नाहीं. या खेळांचे नियम म्हणजे एक प्रकारचें गणितच असतें. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्यें वीस बाजूंच्या फांशावर वार लागला कीं हुकला तें ठरतें. 'रूनक्वेस्ट'मध्यें पात्राचें कौशल्य शेंकडेवारीनें मोजतात. 'ट्रॅव्हलर'ला साधे सहा बाजूंचे दोन फांसे पुरतात. एका खेळासाठीं रचलेला राक्षस दुसऱ्या खेळांत तसाच उचलून नेतां येत नाहीं; शेराचें माप घेऊन कापड मोजावयास बसावें तसा तो प्रकार होतो. मग पांच खेळांना वांटून दिलेल्या अंकांत प्रत्येक वाचकाला उपयोगाचीं पानें तीं किती मिळणार?

या म्हणण्याला अनुभवाचाहि आधार आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढणाऱ्या टी. एस. आर. या कंपनीचें 'ड्रॅगन' हें मासिक १९७६ मध्यें सुरू झालें. १९८४ मध्यें त्यांत विज्ञानकथांवरील खेळांसाठीं 'एरीझ' नांवाचा एक निराळा विभाग उघडला. १९८६ मध्यें तो मिटविण्यांत आला. त्याच १९८६ सालीं त्याच कंपनीनें 'डंजन' हें दुसरें नियतकालिक काढलें. त्यांत एकाच खेळाचीं, सूत्रधारानें उघडून थेट टेबलावर मांडावीं अशीं तयार साहसें असत. त्याचे १५० अंक निघाले. एकनिष्ठेला फळ येतें, हें यावरून मान्य करावें लागतें.

आतां दुसरी बाजू पाहूं. लंडनच्या गेम्स वर्कशॉप या संस्थेनें १९७७ मध्यें 'व्हाइट ड्वार्फ' काढलें. इयन लिव्हिंगस्टन हे त्याचे संपादक होते. त्याच्या पानांत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', 'ट्रॅव्हलर', 'रूनक्वेस्ट' हे शेजारी शेजारी नांदत. 'ओपन बॉक्स' या सदरांत निरनिराळ्या कंपन्यांच्या नव्या खेळांचें परीक्षण येई. 'फीएन्ड फॅक्टरी' या सदरांत वाचकांनीं स्वतः कल्पिलेले राक्षस छापले जात. त्या राक्षसांपैकीं पुष्कळ जण १९८१ मध्यें 'फीएन्ड फोलिओ' या 'डंजन्स'च्या अधिकृत ग्रंथांत जाऊन बसले. त्यांतल्या एका गाजलेल्या जातीचा जनक चार्ल्स स्ट्रॉस पुढें कादंबरीकार म्हणून प्रसिद्धीस आला. म्हणजे अनेक खेळांच्या मासिकानें त्या एका खेळाचें नुकसान तर केलें नाहींच, उलट त्याच्या भांडारांत भर घातली.

यामागचें कारण उघड आहे. हे खेळ एकमेकांच्या असमाधानांतून व एकमेकांच्या ऋणावर वाढले. स्टीव्ह पेरिन यांनीं 'डंजन्स'मधील लढाईसाठीं आपले पर्यायी नियम तयार केले होते. तेच पुढें 'रूनक्वेस्ट'चे प्रमुख कर्ते झाले. 'रूनक्वेस्ट'च्या चौकटीवर सँडी पीटरसन यांनीं 'कॉल ऑफ कथुलू' उभारला, आणि त्यांत पात्राच्या मनाचा तोल किती शाबूत आहे याचाहि हिशेब ठेवण्याची नवी युक्ति आणली. ज्यानें आयुष्यभर तलवारीच्या घावांचीच मोजदाद केली, त्याला ही युक्ति नुसती वाचावयास मिळाली तरी त्याची पुढची बैठक बदलून जाते. आंकडे एका खेळांतून दुसऱ्या खेळांत नेतां येत नाहींत. कल्पना मात्र सहज जातात.

मग 'व्हाइट ड्वार्फ'चें पुढें काय झालें? १९८३ मध्यें गेम्स वर्कशॉपनें आपला स्वतःचा 'वॉरहॅमर' हा युद्धखेळ बाजारांत आणला. त्यांत लहान लहान पुतळ्यांचें सैन्य लागतें. तें विकत घ्यावें लागतें आणि पुन्हा पुन्हा वाढवावें लागतें. अशा मालाच्या धन्याला स्वतःच्या मासिकांत परक्याचा माल कशाला हवा? १९८०च्या दशकाच्या अखेरीस इतर कंपन्यांचे खेळ त्या पानांतून नाहींसे झाले. मासिक मेलें नाहीं. आजहि तें निघतें. व्यापाराच्या दृष्टीनें मालकांचा निर्णय चुकला असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु ज्या वाचकांनीं आपलीं पत्रें, राक्षस व साहसें पाठवून तें मासिक उभें केलें होतें, त्यांच्यापैकीं भूमिका-खेळांच्या चाहत्यांना तें घर परकें झालें.

याच्या उलट वाटेनें गेलेलेंहि एक उदाहरण आहे. 'ट्रॅव्हलर'च्या प्रकाशकांनीं १९७९ मध्यें केवळ त्या एका खेळासाठीं नियतकालिक काढलें. १९८६ मध्यें त्याचें 'चॅलेंज' झालें. प्रथम त्यांत कंपनीचे इतर खेळ आले आणि पुढें परक्या कंपन्यांचेहि आले. असें तें उदार झालें. परंतु १९९६ मध्यें कंपनीच बंद पडली आणि तिच्याबरोबर 'चॅलेंज'हि बुडालें. एकनिष्ठ 'ड्रॅगन' आणि 'डंजन' यांना तरी काय निराळें भोगावें लागलें? शेवटीं शेवटीं तीं पायझो ही संस्था परवान्यावर चालवीत असे. २००७ मध्यें हक्कदार विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीनें तो परवाना पुढें न चालविण्याचें ठरविलें आणि दोन्ही छापील मासिकें थांबलीं. 'ड्रॅगन'चा शेवटचा अंक ३५९वा होता. तेव्हां खेळ एक कीं अनेक, एवढ्यावरच मासिकाचें आयुष्य ठरत नाहीं. मासिकाची दोरी कोणाच्या हातीं आहे, यावर तें अधिक ठरतें.

मग निवाडा काय करावा? माझ्या मतें अंकाचे दोन भाग मनांत वेगळे धरले पाहिजेत. टेबलावर प्रत्यक्ष लागणारीं पानें, म्हणजे साहसें, राक्षस, मंत्र व नकाशे, हीं एकाच खेळाचीं, फार तर दोन खेळांचीं असावींत. येथें उदारपणा केल्यास वाचकाच्या पैशांची उधळपट्टी होते. परंतु विचाराचीं पानें, म्हणजे परीक्षणें, सूत्रधारानें बैठक कशी चालवावी यावरील लेख आणि वाचकांचीं पत्रें, हीं सर्व खेळांना खुलीं असावींत. विशेषतः परीक्षणाच्या बाबतींत तडजोड नको. जो प्रकाशक केवळ आपल्याच खेळांची वाखाणणी छापतो, त्यानें मूल्यपत्रक काढलें असें म्हणावें. मासिक काढलें असें म्हणूं नये. आणि प्रकाशकाला स्वतःच्या मालाचें मूल्यपत्रकच काढावयाचें असेल, तर तसें मुखपृष्ठावर स्पष्ट छापावें. त्यांत कोणाची फसवणूक होणार नाहीं.

वाचकांकडेहि थोडें कर्तव्य उरतें. लॉस एंजेलिसच्या ली गोल्ड यांनीं १९७५ मध्यें 'अलारम्स अँड एक्सकर्शन्स' नांवाचें हौशी लोकांचें नियतकालिक सुरू केलें. प्रत्येकानें आपलीं पानें लिहून पाठवावयाचीं, दुसऱ्याच्या पानांवर पुढच्या अंकांत मत द्यावयाचें, आणि खेळ कोणताहि चालेल, अशी त्याची रीत होती. त्याच्यामागें ना पुतळ्यांचा कारखाना होता, ना मोठी पेढी. तरी तें कित्येक दशकें चाललें. ज्यांना अनेक खेळांचें मासिक हवें आहे, त्यांनीं तें कोणी तरी आपल्यासाठीं चालवावें अशी वाट पाहत न बसतां त्यांत लिहिलें पाहिजे, वर्गणी दिली पाहिजे, आणि आपण न खेळलेल्या खेळावरचें पानहि एकदां वाचून पाहिलें पाहिजे.